तडकलेल्या ठशांची नाणी

घणाच्या घावाने किंवा हाताने फिरवायच्या स्क्रू-प्रेसवर पाडलेले जुने नाणे नव्या संग्राहकाच्या हाती आले की त्याची पहिली तक्रार ठरलेली असते. कडेपाशी ओबडधोबड गोळा आहे, चेहऱ्यावरून एक वेडीवाकडी रेघ गेली आहे, अक्षरे कडेकडे ओघळल्यासारखी दिसतात. म्हणजे हे नाणे कोणीतरी वाईट रीतीने हाताळले असणार, असे तो धरून चालतो आणि ते बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात यातले बरेचसे नाण्याच्या बाबतीत घडलेलेच नसते. ते ठशाच्या बाबतीत घडलेले असते, आणि टांकसाळीतून बाहेर पडले त्या क्षणी ते नाणे असेच दिसत होते. जुन्या नाण्याकडे पाहताना आपण एकाच वेळी दोन वस्तूंचे वय पाहत असतो: नाण्याचे आणि त्याला जन्म देणाऱ्या ठशाचे. ही दोन वये वेगळी करता आली नाहीत, तर त्या नाण्याविषयी केलेले जवळजवळ प्रत्येक विधान डळमळीत राहते.

सगळ्याचा पाया एका साध्या नियमात आहे. ठशावर आकृती उलटी आणि खोल कोरलेली असते. त्यामुळे ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच येते. ठशाला तडा गेला की ती भेग म्हणजे ठशातील एक नवी खाच असते. दाबाखाली धातू तिच्यात शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ उमटते. नाण्यावर पडलेला ओरखडा मात्र खाली गेलेला असतो. ज्या कोऱ्या धातूच्या चकतीवर नाणे पाडतात तिलाच पडलेली भेगही खाली गेलेली असते आणि बहुधा नाण्याच्या कडेवरही दिसते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

तो फरक पाहायचा कसा, हे सांगण्यासारखे आहे. मी हे लिहिताना समोर अमेरिकेचा एक ‘ड्रेप्ड बस्ट’, म्हणजे वस्त्र पांघरलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या अर्धप्रतिमेचा, सेंट ठेवला आहे, तांब्याचा, तपकिरी झालेला. दिवा समोरून ठेवला तर दर्शनी बाजूवरची रेघ केवळ एक काळसर धागा वाटते आणि ती उंच आहे की खोल, हे ठरवता येत नाही. दिवा एका बाजूला नेऊन नाणे हळूहळू फिरवले की मात्र रेघेची दिव्याकडची बाजू उजळते आणि पलीकडची सावलीत जाते, नेमके शेजारच्या अक्षरांच्या बाबतीत होते तसेच. म्हणजे ती अक्षरांसारखीच उंच आहे. दहापट भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसते. रेघ कडेच्या दातांपासून, म्हणजे कडेभोवतीच्या दातेरी नक्षीपासून, निघते, ‘लिबर्टी’ या शब्दातील एका अक्षराच्या माथ्याला शिवते, तिथून सरळ पुढच्या अक्षराच्या माथ्याला जाते आणि मग केसांकडे वळून विरते. एखाद्या ओरखड्याला अक्षरांचे माथे गाठत जाण्याचे काही कारण नसते. तड्याला असते.

ते कारण ठशाच्या बनावटीत आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ साली वापरासाठीची नाणी पडू लागली, तेव्हा ठसा तयार करण्याची रीत बरीचशी हातावर अवलंबून होती. मुख्य आकृती एका पंचाने, म्हणजे टोकावर उठावाची आकृती असलेल्या पोलादी दांड्याने, ठशात उतरवली, तरी अक्षरे, तारे आणि आकडे एकेक करून वेगवेगळ्या पंचांनी ठोकले जात. असे प्रत्येक अक्षर म्हणजे पोलादात बसलेला एक धारदार कोपऱ्यांचा खड्डा. प्रत्येक दाबाच्या वेळी ताण या कोपऱ्यांशी एकवटतो आणि भेग सुरू झाली की ती एका खड्ड्यापासून जवळच्या दुसऱ्या खड्ड्याकडे सर्वांत सोप्या वाटेने पसरते. म्हणून तडे अक्षरांच्या पायांतून, माथ्यांतून, ताऱ्यांच्या टोकांतून आणि कडेच्या दातांतून जातात. नाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागावरून सरळ आरपार गेलेले तडेही असतात, पण तोवर ठशाची अखेर जवळ आलेली असते.

ठसा कोरून झाला की त्याला पाणी द्यावे लागे. लालबुंद तापवून झटकन थंड केले की पोलाद कडक होते, पण आत ताण राहतो, आणि तो कमी करण्यासाठी पुन्हा बेताने तापवावे लागते. हे सारे त्या काळी रंगावरून आणि अनुभवावरून चाले. पोलादाचा दर्जाही एकसारखा नसे. आतला मळीचा एखादा थर पुढे भेगेचे बीज ठरे. कमी कडक राहिलेला ठसा मधोमध बसतो, आणि त्या खळग्यामुळे नाण्याचा मध्यभाग फुगीर दिसू लागतो, जणू पृष्ठभागाखाली काही दडले आहे. जास्त कडक झालेला ठसा बसत नाही, तडकतो. बहुतेक ठसे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असत आणि दोन्ही दोष थोडेथोडे दाखवत. माझ्या पाहण्यात फुगवटा असलेली नाणी तडा असलेल्या नाण्यांपेक्षा जास्त वेळा ओळखायची राहून जातात, कारण छायाचित्रात फुगवटा दिसतच नाही.

प्राचीन नाण्यांच्या बाबतीत दोन ठशांच्या आयुष्यात मुळातच विषमता होती. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे, वरचा हातात धरून त्यावर घण मारला जाई. घाव थेट झेलणारा वरचा ठसा लवकर खराब होई, तर खालच्याला चकतीचा आणि ऐरणीचा आधार मिळे. ग्रीक नाण्यांवर देवतेचे उठावदार मस्तक बहुधा खालच्या ठशावर का, याचे एक उत्तर यात आहे: जिथे अधिक खोल आणि अधिक कष्टाचे कोरीवकाम, तो ठसा सुरक्षित जागी. म्हणूनच एका दर्शनी ठशाबरोबर एकामागून एक दोन-तीन मागील ठसे वापरलेले आढळतात, आणि त्या मालिकेत दर्शनी ठशाचा तडा नाण्यागणिक वाढत गेलेला दिसतो. काशाचे ठसेही होते, लोखंडाचेही. काही वेळा झिजलेला ठसा फेकून न देता त्यावर पुन्हा छिन्नी चालवली जाई, आणि मग केसांच्या बटा किंवा अक्षरे जुन्या रेषांच्या शेजारी किंचित सरकून नव्याने कोरलेली दिसतात.

तडा निदान उठून दिसतो. झीज तशी दिसत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो. दाब पडला की चकतीचा धातू ठशाच्या खाचांत शिरतोच, शिवाय मध्यापासून कडेकडे सरकतो. हजारो वेळा असे घासले गेल्यावर ठशाच्या पृष्ठभागावर त्याच दिशेच्या बारीक रेषा पडतात. सुरुवातीला त्या फायद्याच्याच असतात: न वापरलेले नाणे दिव्याखाली फिरवले की मध्यातून कडेकडे जाणारे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, ते याच रेषांमुळे. पण ठसा वापरात राहिला की रेषा खोल होतात, पृष्ठभाग खरखरीत दिसू लागतो आणि कडेजवळच्या अक्षरांचे कोपरे बोथट होऊन त्यांची टोके कडेच्या दिशेने ताणली जातात. अक्षरांचे पाय माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले दिसले की ठसा म्हातारा झाला होता, हे नक्की समजावे. कडेचे दात याच वेळी एकमेकांत मिसळतात किंवा कडेत विरून जातात.

आता प्रश्न असा की हे सगळे खिशातल्या वापराने झिजलेल्या नाण्यापासून वेगळे कसे काढायचे? वापराची झीज सर्वांत उंच भागांपासून सुरू होते: गाल, कपाळावरचे केस, खांदा, गरुडाची छाती. तिथला पृष्ठभाग गुळगुळीत आणि सपाट होतो आणि मूळ चकाकी तिथूनच जाते. खोलगट जागी, अक्षरांच्या पोटात, ती शेवटपर्यंत टिकते. ठशाची झीज बरोबर उलट वाटेने चालते. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग म्हणजे ठशातला सर्वांत खोल भाग. तिथे धातूचे सरकणे कमी, म्हणून तिथे ठसा कमी झिजतो. झिजतो तो कडेजवळचा, उथळ भाग. तेव्हा गालावर चकाकी शाबूत आहे आणि अक्षरे मात्र पुसट आहेत, असे नाणे वापरात फिरलेले नसते. ते तसेच जन्मले. याउलट अक्षरांचे कोपरे धारदार आहेत आणि गाल सपाट आहे, असे नाणे पुष्कळ हातांतून गेलेले असते.

तिसरी शक्यता कमी दाबाची. चकतीचा धातू ठशाच्या खोल भागापर्यंत पोचलाच नाही, तर नाण्याचा उंच भाग अपुरा राहतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १७९४चा अमेरिकेचा चांदीचा डॉलर. १५ ऑक्टोबर १७९४ रोजी असे १,७५८ डॉलर टांकसाळीने सुपूर्द केले. ते ठशांच्या एकाच जोडीने पाडले गेले होते आणि एवढ्या मोठ्या नाण्यासाठी तेथील प्रेस अपुरा होता. भरीस भर म्हणजे दोन ठशांची तोंडे एकमेकांशी समांतर बसली नव्हती. परिणामी या नाण्यांच्या डाव्या बाजूचे तारे आणि त्यांच्या पाठीमागची अक्षरे फिकी आली. ठसा तिथे झिजलेला नव्हता. धातू तिथे दाबलाच गेला नव्हता. याची खूण अशी की फिक्या भागात चकतीचे मूळ दोष जसेच्या तसे दिसतात. चांदीच्या चकत्या वजनाला जास्त भरल्या की पाडण्याआधी कानशीने घासून बरोबर केल्या जात, आणि त्या कानशीच्या समांतर खाचा पूर्ण दाब पडलेल्या जागी मिटतात, अर्धवट दाबाच्या जागी राहतात. या जातीचे एक नाणे २०१३च्या जानेवारीत लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेले, तेव्हा कमी दाब हा दोष असला तरी त्यामुळे नाणे बाद होत नाही, इतके तरी बाजाराला कळते.

ठसा तडकून थांबत नाही. भेग कडेपासून निघून वळून पुन्हा कडेला मिळाली, तर मधला तुकडा सुटा होतो. काही काळ तो जागीच राहतो, पण किंचित खाली बसतो, आणि नाण्यावर त्या भागाची पातळी पायरीसारखी उंचावते. मग एक दिवस तो गळून पडतो. त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर त्या जागी नक्षी नसलेला धातूचा गोळा येतो. त्या गोळ्याच्या बरोबर पाठीमागे, नाण्याच्या दुसऱ्या बाजूवर, आकृती फिकी असते, कारण तिथे धातूला दाबून धरणारे समोर काहीच उरलेले नसते आणि तो त्या पोकळीत निघून जातो. नकली गोळा ओळखायचा असेल तर पाठची बाजू पाहावी. पाठ ठसठशीत असेल तर शंका घ्यावी.

१८०४चा तांब्याचा सेंट या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखा आहे. त्या तारखेचा सेंट ठशांच्या एकाच जोडीने पाडला गेला, त्यामुळे ठशांचे संपूर्ण आयुष्य एका मालिकेत पाहता येते. सुरुवातीच्या नाण्यांवर दोन्ही कडा शाबूत आहेत. पुढच्या नाण्यांवर दर्शनी बाजूला ‘लिबर्टी’च्या शेवटच्या तीन अक्षरांवर कडेचा तुकडा गळालेला दिसतो आणि मागील बाजूला ‘अमेरिका’ शब्दाच्या मधल्या अक्षरांवर तसेच. टांकसाळीने हे ठसे फेकून दिले नाहीत. चांगले पोलाद दुर्मिळ होते, कुशल कोरीवकाम करणारे हात मोजके होते, आणि १७९३च्या पीतज्वराच्या साथीत जोसेफ राइटसारखा कसबी माणूस गेला होता. ठसा नाणे पाडतो आहे तोवर तो चालवायचा, हा तिथला व्यवहार होता. तारीख जुनी झाली तरी ठसा वापरत; १८०४ साली टांकसाळीच्या हिशेबात दाखवलेले चांदीचे डॉलर आधीच्या तारखांचे होते, हे आता सर्वमान्य आहे.

संग्राहकांना नावे द्यायची हौस भारी. १८०७च्या एका सेंटवर देवीच्या मस्तकामागे ठशाच्या दोषामुळे शेपटीसारखी खूण उमटते, तो ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतू. १८१७च्या एका सेंटवर डोक्यावर गोळा बसला आहे, तो ‘माउस’, म्हणजे उंदीर. १८०४च्या अर्ध्या सेंटमध्ये ‘स्पाइक्ड चिन’ आहे: हनुवटीतून काटा निघाल्यासारखा दिसतो. तो तडा नव्हेच. ठशांच्या मध्ये स्क्रूसारखी एखादी कठीण वस्तू सापडली आणि तिची खूण ठशात कायमची राहिली, असे मानतात. जवळच्या मोकळ्या भागात स्क्रूच्या आट्यांसारख्या रेषाही दिसतात. तरीही तो दर्शनी ठसा एकामागून एक वेगवेगळ्या मागील ठशांबरोबर वापरला गेला. ही नावाजलेली नाणी मला आवडतात, पण नाव नसलेले साधे तडे जास्त उपयोगाचे आहेत असे माझे मत आहे, कारण धूमकेतू एका जागी उभा असतो आणि साधा तडा मात्र वाढतो.

वाढणारा तडा म्हणजे क्रम. एकाच ठशाची दोन नाणी शेजारी ठेवली आणि एकावर तडा केसांपर्यंत तर दुसऱ्यावर तोच तडा पलीकडच्या कडेपर्यंत पोचलेला असला, तर दुसरे नाणे नंतरचे. यात मतभेदाला जागा नाही, कारण भेग आपणहून मिटत नाही. मागील ठशावर तारीख नसे, म्हणून तो वेगवेगळ्या तारखांच्या दर्शनी ठशांबरोबर जोडला जाई, आणि अशा वेळी आधीच्या तारखेचे नाणे नंतर पाडलेले निघते. यातले सर्वांत गमतीचे उदाहरण अमेरिकेच्या १८००च्या आसपासच्या नाण्यांत आहे. दहा सेंटचे चांदीचे नाणे आणि अडीच डॉलरचे सोन्याचे नाणे आकाराने जवळजवळ सारखे होते, मागील बाजूला दोहोंवर ढालधारी गरुड होता आणि मूल्य लिहिलेले नव्हते. तेव्हा काही मागील ठसे दोन्हींसाठी वापरले गेले. एकाच गरुडावरचा एकच तडा चांदीत आणि सोन्यात टप्प्याटप्प्याने वाढताना पाहून कोणत्या धातूची खेप आधी पडली, हे सांगता येते. एवढा बारीक तपशील टांकसाळीच्या कागदांतून हाती लागत नाही.

प्राचीन नाण्यांच्या अभ्यासात तर हेच मुख्य हत्यार आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रीडरिख इमहोफ-ब्लूमर या स्विस अभ्यासकाने एकाच ठशाची नाणी एकमेकांना साखळीसारखी जोडून पाहण्याची रीत वापरात आणली. ज्या नाण्यांवर तारीख नाही, त्यांचा क्रम लावताना ठशाचे तडे आणि झीज दिशा दाखवतात. पुढे लोक आणखी एक पाऊल गेले: ठसे मोजायचे, एक ठसा सरासरी किती नाणी पाडतो हे धरायचे आणि एकूण नाण्यांचा आकडा काढायचा. इसवी सनापूर्वी ८२ साली रोममध्ये पब्लियस क्रेपुसियस या नाणी पाडणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या दिनारांच्या (रोमन चांदीच्या नाण्यांच्या) मागील ठशांवर क्रमांक कोरले, ते पाचशेच्या पुढे जातात, तेव्हा ठसे मोजण्यासाठी निदान एक पक्का आधार मिळाला. डेव्हिड सेलवुड यांनी १९६३ साली काशाच्या ठशांनी प्रत्यक्ष नाणी पाडण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले; एका ठशातून हजारोंच्या घरात नाणी निघू शकतात आणि वरचा ठसा खालच्याआधी निकामी होतो, हे त्यातून दिसले. पण नाणेअभ्यासक थिओडोर बट्री यांनी या साऱ्या गणितावर घेतलेला आक्षेप मला अधिक पटतो. एखादा ठसा पहिल्याच दिवशी फुटतो, एखादा कडेचा तुकडा गळूनही चालत राहतो. अशा वस्तूच्या सरासरीवर साम्राज्याचा खजिना मोजणे धाडसाचे आहे. तड्यांवरून क्रम मिळतो. संख्या मिळेलच असे नाही.

झीज आणि तडा यांच्या जोडीला ठशांचे आपसांत आदळणेही विचारात घ्यावे लागते. चकती ठेवायची राहून गेली आणि प्रेस फिरला, की दोन ठसे एकमेकांवर आदळतात आणि प्रत्येकावर दुसऱ्याची पुसट बाह्यरेषा राहते. नाण्यावर मग देवीच्या मानेजवळ पाठीमागच्या पानांच्या हाराचा भाग उलट्या प्रतिमेत, सावलीसारखा दिसतो. ही खूण काढण्यासाठी ठशाचे तोंड घासून सपाट करत, आणि इथे एक फसवी गोष्ट घडते. तोंड घासले की ठशातील उथळ रेषा सर्वांत आधी नाहीशा होतात: केसांच्या बटांची टोके, पानांचे देठ, फितीची शेवटची गाठ. खोल कोरलेली अक्षरे तशीच राहतात, फक्त थोडी बारीक होतात. नवा घासलेला पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. अशा ठशातून निघालेले नाणे पाहिले तर ते अगदी ताज्या ठशाचे वाटते. देठापासून तुटून हवेत तरंगणारी पाने पाहिल्यावरच ठशाचे खरे वय लक्षात येते. जुना तडा अशा घासण्याने पातळ होतो, पण जात नाही, आणि पुढच्या काही नाण्यांत पुन्हा जाड होत येतो. क्रम लावताना हे ध्यानात ठेवावे लागते.

आज नाण्यांना दर्जाचे आकडे देण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली याच जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलेल्या ७० गुणांच्या मोजपट्टीत आहे. मुळात ती किमतीशी बांधलेली होती. पुढे ती सर्व नाण्यांना लागू झाली. नाण्याची वापराने किती झीज झाली, हे मोजायला ती बरी आहे. पण उशिराच्या ठशाचे, अक्षरे ओघळलेले, कधीही न वापरलेले नाणे आणि ताज्या ठशाचे पण थोडे फिरलेले नाणे एकाच पट्टीवर ठेवले की ती अडखळते. पहिल्याला मोठा आकडा मिळतो आणि ते दिसायला वाईट असते. दुसऱ्याला लहान आकडा मिळतो आणि त्यावरचा प्रत्येक केस मोजता येतो. विकत घ्यायचे असेल तर मी दुसरे घेईन. अभ्यास करायचा असेल तर पहिल्याशिवाय गत्यंतर नाही. दर्जाच्या आकड्याशेजारी ठशाची अवस्था नोंदवण्याची सवय जुन्या तांब्याच्या अभ्यासकांत पूर्वीपासून आहे. बाकीच्यांनीही ती उचलावी.

गंज हा ठशाचा आणखी एक शत्रू, आणि त्याची खूण विचित्र आहे. पडून राहिलेल्या पोलादी ठशावर गंज चढला की बारीक खड्डे पडतात, आणि नाण्यावर त्यांचे पुरळ उठते. नाण्याला स्वतःला गंज किंवा हिरवट कीड लागली तर खड्डे दिसतात, पुरळ नाही. मात्र ओतून केलेल्या नकली नाण्यांवरही हवेच्या बुडबुड्यांमुळे असेच दाणे येतात, म्हणून केवळ पुरळावरून निकाल देऊ नये. ओतीव नाण्याची अक्षरे गोलसर, साबणासारखी असतात आणि त्यावरचा तडाही तसाच बोथट असतो. खऱ्या ठशातल्या तड्याची कड भिंगाखाली कशी धारदार असते, हे एकदा पाहिले की हा फरक सहज कळतो.

टाकून दिलेल्या ठशांनीही पुढे नाणी पाडली गेली. १८६०च्या सुमारास टांकसाळीबाहेर १८०४ तारखेचा सेंट ‘पुन्हा’ पाडला गेला. त्यासाठी १८०३चा दर्शनी ठसा घेऊन शेवटचा आकडा बदलला होता आणि मागील ठसा १८२०चा होता. गंजलेल्या ठशांमुळे त्याच्या पृष्ठभागावर पुरळ आहे आणि पाठीमागची नक्षी तर त्या तारखेला अस्तित्वातच नव्हती. १८२३च्या अशाच नाण्याला तडकलेला १८२३चा दर्शनी ठसा आणि १८१३चा मागील ठसा वापरला. दोन्ही नाणी आज उघडपणे ‘रीस्ट्राइक’ म्हणून विकली जातात आणि त्यांचेही संग्राहक आहेत. अडचण होते ती १८०४च्या खऱ्या सेंटऐवजी जवळच्या तारखेच्या नाण्याचा आकडा कोरून बदललेला असतो तेव्हा. तिथे जोडी एकच असल्याचा उपयोग होतो: खऱ्या नाण्यावर तारखेतील शून्य मागील बाजूच्या ‘ऑफ’ या शब्दातील ‘ओ’च्या अगदी पाठीशी येते, आणि नाणे उशिराचे असेल तर कडेचे दोन्ही गोळे आपल्या ठरलेल्या जागी असावे लागतात. गोळा दुसरीकडे असेल किंवा पाठची नक्षी त्या जोडीची नसेल, तर तारीख काहीही म्हणो, ते नाणे १८०४चे नाही.

खऱ्या नाण्यावरून ठसा बनवून काढलेल्या नकलांची कसोटी याहून अवघड आहे, कारण तिथे तडेही खऱ्या नाण्यावरचेच उतरतात. अशा वेळी तडा सोडून खाली गेलेल्या खुणा पाहाव्यात. मूळ नाण्याला वापरात पडलेला ठोका किंवा ओरखडा ठशात उतरतो आणि प्रत्येक नकलेवर त्याच जागी, त्याच आकाराचा, पण कडा बोथट झालेला असा येतो. दोन वेगळ्या नाण्यांना गालावर नेमका एकच ओरखडा असण्याचे कारण नसते, म्हणून शंका आली की त्याच जातीच्या दुसऱ्या नाण्याची छायाचित्रे शोधून खाली गेलेल्या खुणा एकेक करून ताडून पाहणे, हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. उंच खुणा सारख्या निघाल्या तर ठसा एक. खोल खुणाही सारख्याच निघाल्या तर नाणे घेऊ नये.